ऑर्फा ब्रँडेलची दुसरी साक्ष

ऑर्फाला एका जागी शांत बसलेलं मी फारसं कधी पाहिलं नाही. चर्चमध्ये प्रवचन ऐकतानाही तिची बोटं मांडीवर काहीतरी शिवत असायची, हातात सुई नसताना. माझी आई म्हणायची, "या पोरीच्या पायाला भिंगरी आहे आणि हातालाही."

ऑर्फा माझी आतेबहीण. तिची आई तापानं गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिचा भाऊ मेरिल सात वर्षांचा. वडील, अमोस ब्रँडेल, आमच्या वेल्डन गावच्या फेरीबोटीवर काम करायचे आणि मिळेल तेवढं पीत असायचे. एका जानेवारीत ते पिऊन बोटीवरून उतरताना घसरले, आणि बोट आणि धक्का यांच्या मधे नदीत गेले. माझे वडील दोन्ही मुलांना आमच्याकडे आणायला निघाले होते. ऑर्फा दारातच उभी राहिली. म्हणाली, "मामा, जेवायला येत जाऊ आम्ही. पण मेरिल माझ्याजवळ राहील."

आणि राहिला. ती बायकांच्या टोप्यांच्या दुकानात कामाला लागली. वाफेच्या किटलीवर लोकरीचं जाड फेल्ट मऊ करायचं, लाकडी साच्यावर ताणायचं, फिती, पिसं, जाळ्या लावायच्या. पुढे मालकीण म्हातारी झाली तेव्हा दुकान ऑर्फाचंच झालं. लग्न तिनं केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, "माझ्याकडे एक पुरुष आहे सांभाळायला, तेवढा पुरे." दारूबंदीवाल्या बायकांच्या मंडळात ती पहिल्यापासून होती. त्यांची पांढरी फीत छातीवर लावायची. भाषण तिला जमत नसे. शनिवारी संध्याकाळी ती गुत्त्याच्या दाराशी विणकाम घेऊन नुसती उभी राहायची, आणि निम्मे पुरुष मागच्या मागे परतायचे.

मेरिलला मात्र बोलण्याचीच देणगी होती. पवनचक्क्या आणि पंप विकत तो गावोगाव हिंडला. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्यालाही त्यानं पंप विकला आणि तो माणूस वर त्यालाच जेवायला बोलवी. मग कायदा शिकला, जिल्ह्याचा सरकारी वकील झाला. देशात दारूबंदी आली तेव्हा कोर्टापुढच्या चौकात पकडलेली पिंपं रचून त्यानं ती स्वतः कुऱ्हाडीनं फोडली. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले होते. माझा भाऊ क्लाइड तेव्हा बर्फाची गाडी चालवायचा. त्यानं वाहत्या पाण्यात बोट बुडवून चाटलं आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे मेरिल, हा तर सिरका आहे! लोणची घालायची सोडून सांडतोस काय?" सगळे हसले. मेरिलही हसला. फोटोत मात्र तो रागावलेलाच आला.

गव्हर्नरच्या निवडणुकीला तो उभा राहिला तेव्हा प्रत्येक सभेत वडिलांच्या मरणाची गोष्ट सांगायचा. एकदा आमच्याच गावात सभा होती. थंडीत, बर्फात, अनवाणी पायांनी धक्क्यावर धावत गेलेली त्याची बहीण त्यानं अशी उभी केली की बायका पदराला डोळे पुसावेत तशा हातमोज्यांना पुसत होत्या. घरी आल्यावर ऑर्फा म्हणाली, "मेरिल, माझ्या पायात बूट होते. चांगले होते."

"ताई," तो तिच्या गालाला हात लावून म्हणाला, "बूट घातले की मतं पडत नाहीत."

ती हसली. खरं सांगायचं तर मीही हसले. बायकांना मत मिळून चार वर्षं झाली होती, आणि सबंध राज्यातल्या दारूबंदीवाल्या बायकांनी एकगठ्ठा मेरिलला मत दिलं. तो निवडून आला.

त्याच्या बायकोची छाती कमजोर होती. ती पश्चिमेकडे कोरड्या हवेत एका आरोग्यधामात राहायची. म्हणून राजधानीतला गव्हर्नरचा बंगला सांभाळायला ऑर्फा गेली आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. मी अधूनमधून आगगाडीनं तिच्याकडे जायचे. एवढा मोठा बंगला, हाताखाली माणसं, आणि ही बाई सकाळपासून जिने चढते-उतरते. पडदे काढ, धुवायला टाक, पुन्हा लाव. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तिनं आपले साचे मांडले होते. गव्हर्नरची बहीण टोप्या करते याचं तिथल्या बायकांना हसू यायचं, पण टोप्या मात्र त्या तिच्याकडूनच करून घ्यायच्या.

बंगल्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं पाद्री, शाळामास्तर, मंडळाच्या बायका येत. बाजूच्या दारानं येणाऱ्या माणसांना पेनिमन आत घेई. हा पेनिमन मेरिलचा चिटणीस. बारीक मिशा, आवाज नेहमी खाली. बाजूच्या दारानं येणाऱ्यांपैकी एक मि. रीड. रस्त्यांना खडी पुरवणारा कंत्राटदार अशी ओळख करून दिलेली. जाडजूड, हसरा. तो जेवायला थांबला की ऑर्फाला बरं वाटायचं, कारण तो मनापासून जेवायचा.

"बाई, हे रताळं तुम्ही केलंत? स्वयंपाकीण नाही?"

"मीच केलं."

"मग आणखी वाढा. आणि ती सेलरी घ्या बाजूला, माझ्या ताटात गवत नको."

एकदा तो आपल्या मुलीला घेऊन आला. दहा-अकराची, दात पुढे आलेली, लाजरी पोर. चर्चमध्ये तिचा काही समारंभ होता आणि तिच्या डोक्याच्या आकाराला बसेल अशी टोपी कुठे मिळत नव्हती. ऑर्फानं तिला वरच्या खोलीत स्टुलावर बसवलं, पांढरी टोपी करून दिली, बारीक रेशमी फुलांची. मुलीनं आरशात पाहिलं आणि ऑर्फाच्या गळ्यात पडली. हे सगळं ऑर्फानं मला तेव्हाच सांगितलं होतं, फार आनंदानं. "किती सरळ माणूस आहे गं," असंही म्हणाली होती.

पुढच्या वसंतात मि. रीडचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. खाली नाव होतं गस रेटिग. नदीच्या दोन्ही काठांवर ज्याची दारू चालते तो गस रेटिग. राज्याच्या तुरुंगशेतीवर शिक्षा भोगायला गेला होता आणि गव्हर्नर ब्रँडेलनं तब्येतीच्या कारणावरून त्याला माफी दिली होती.

ऑर्फा वर्तमानपत्र घेऊन थेट भावाच्या खोलीत गेली. मी त्या आठवड्यात तिथेच होते. दार उघडंच राहिलं होतं.

"मेरिल, हा आपल्याकडे जेवला."

"पुष्कळ लोक जेवतात आपल्याकडे."

"तू मला सांगितलंस खडीचा कंत्राटदार आहे."

"खडीही विकतो तो." मेरिल खुर्चीत मागे रेलला. "ताई, मंडळाच्या बायकांना भाषण हवं असतं, ते मी देतो. बाकीच्यांना बाटली हवी असते, ती त्यांना कुणीतरी देतंच. मी गव्हर्नर नसतो तर दुसरा कोणी असता आणि त्यानंही हेच केलं असतं, फक्त वाईट भाषणं देऊन."

"अमोस ब्रँडेलचा मुलगा आहेस तू."

"म्हणूनच. आपण दोघं उपाशी होतो तेव्हा कोण आलं होतं? ही गाडी, हा बंगला, वेल्डनच्या चर्चला मी दिलेला तो नवा ऑर्गन, जो ऐकून तू रडली होतीस, ते कुठून आलं असं तुला वाटतं? तू टोप्यांचं बघ. एवढंच मागतो."

ती वर आली आणि अर्धवट झालेल्या टोप्या उसवायला लागली. एक, मग दुसरी. मी म्हटलं, "ऑर्फा, घरी चल." ती म्हणाली, "घरी जाऊन काय करू? तिथेही ऑर्गन आहे."

ती गेली नाही. का गेली नाही, हे मी पुष्कळदा मनाशी विचारलं. मला वाटतं, ज्या पोराला तिनं भरवलं, न्हाऊ घातलं, त्याच्यावर आपली नजर आहे तोवर तो फार वाईट करणार नाही, अशी तिची समजूत होती. तो मात्र तिच्या नजरेसमोर करत राहिला. बाजूचं दार तसंच चालू होतं. ती जेवणघरात यायची बंद झाली, एवढाच फरक.

मग कामगारदिनाची सहल झाली. आमच्या देशात तो सप्टेंबरात येतो. आमच्या गावाबाहेर नदीकाठच्या वनात दरवर्षी होते तीच. मक्याची कणसं, तळलेली कोंबडी, दोरीखेच. पुरुषमंडळी झाडांमागे जाऊन येत होती. क्लाइड बर्फ पोचवायला गेला होता. कोणीतरी त्याला डबा पुढे केला. रेटिगचा माल आहे, वरून आलाय, चांगला असतो, असं सांगितलं. त्यानं घेतला. संध्याकाळपर्यंत त्याला सगळं धुक्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला हाक मारली, "लॉटी, खिडक्या उघड ना, अजून अंधार कसा?" खिडक्या उघड्याच होत्या. खोलीभर ऊन पडलं होतं.

ती लाकडापासून काढलेली विषारी दारू होती. आमच्या गावातली तीन माणसं मेली आणि आणखी काही आंधळी झाली. त्यातला एक माझा भाऊ, तेहतीस वर्षांचा.

ऑर्फा पहिल्या गाडीनं आली. ती खाटेशी उभी राहिली. क्लाइडनं मान वळवली.

"ऑर्फे का? सुगंधावरून कळलं, डिंकाचा वास येतोय. टोपी कोणती घातलीयस?"

"करडी."

"छान दिसतेय," क्लाइड म्हणाला.

ती बाहेर अंगणात गेली आणि पंपाचा दांडा धरून पाणी उपसत राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी उपसतच राहिली. मी जाऊन तिचे हात सोडवले.

राज्यभर आरडाओरडा झाला. ही दारू करणाऱ्या रेटिगला कोणी सोडलं, का सोडलं? राजधानीत गव्हर्नरवर खटला उभा राहिला, लाच घेऊन माफी दिल्याचा. रेटिग तोवर देश सोडून पळाला होता. मेरिलचं म्हणणं साधं होतं. तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून माफी दिली, त्या माणसाला मी जन्मात कधी भेटलेलो नाही. पेनिमननं तसंच सांगितलं. नोकरांनी तसंच सांगितलं. राहिली ऑर्फा, आणि बचावाच्या वकिलाला तीच सर्वात जास्त हवी होती. छातीवर पांढरी फीत लावलेली, दारुड्याची मुलगी. तिच्यापेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

मेरिल स्वतः तिला सांगायला आला. तेव्हा ती आमच्याकडे वेल्डनला होती. क्लाइड आतल्या खोलीत होता. मेरिलनं त्याच्याकडे जायचं टाळलं. स्वयंपाकघरात, बहिणीसमोर बुटक्या बाकावर बसला, लहानपणी बसायचा तसा. बारीक झाला होता. एवढे दिवस मला त्याचा राग होता, पण त्याच्या कॉलरमध्ये मान सैल झालेली पाहिली आणि मी त्याच्यापुढे कॉफीचा कप ठेवला.

"एकच शब्द बोलायचाय, ताई. 'नाही.' बस्स."

"तो जेवला माझ्या हातचं."

"माहीतेय. पण क्लाइडचे डोळे त्यानं परत येणार आहेत का? मी तुरुंगात गेलो तर कोणाचं काय भलं होणार? तू मला वाढवलंस. तूच मला तिकडे पाठवणार?"

ती उठली, शेगडीवरचं भांडं इकडून तिकडे केलं, पुन्हा जागेवर ठेवलं. बराच वेळ तेच चाललं होतं. शेवटी म्हणाली, "जेवून जा."

कोर्टात मी तिच्याबरोबर होते. सज्जात मंडळाच्या बायका ओळीनं बसल्या होत्या. ऑर्फानं बायबलवर हात ठेवला. वकिलानं गोड आवाजात विचारलं, "मिस ब्रँडेल, गव्हर्नरच्या बंगल्यात तुम्ही गस रेटिग या माणसाला कधी पाहिलंत का?"

ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली.

"नाही."

सज्जातल्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवत गाणं म्हणायला लागल्या, न्यायाधीशांना हातोडा आपटावा लागला. मेरिलनं रुमालानं डोळे पुसले. बाहेर आल्यावर लोकांनी ऑर्फाचे हात हातात घेतले. मी तिच्यामागे चालत होते, आणि ती इतक्या भराभर चालत होती की मला धाप लागली.

आम्ही एका विधवेच्या खानावळीत उतरलो होतो. सकाळी न्याहारीला तिनं पावाचा तुकडा तोडला, तो हातात चुरगाळला, पुन्हा तोडला. टेबलावर सगळा चुरा. समोर बसलेला एक फिरता विक्रेता म्हणाला, "अभिनंदन, मॅडम. भावाला वाचवलंत." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं तिला काही घाणेरडं ऐकवलं होतं. खुर्ची मागे ढकलून ती निघाली. डोक्यावर टोपी नाही, थंडीत कोट नाही. मी तिचा कोट घेऊन मागे पळत सुटले.

"ऑर्फा! कुठे चाललीस?"

"मला बसवत नाही, लॉटी."

"अगं, पण कुठे?"

"तिथेच."

सरकारी वकील पायऱ्यांवर कोणाशी तरी बोलत उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "मला परत बसवा त्या खुर्चीत. काल मी खोटं बोलले."

त्या दिवशी कोर्टात इतकी शांतता होती की खोली तापवणाऱ्या वाफेच्या नळांची कुरकुर ऐकू येत होती. तिनं सगळं सांगितलं. बाजूचं दार, रताळं, नको असलेली सेलरी, पोरीची टोपी. मग बचावाचा वकील उठला. आता त्याचा आवाज गोड नव्हता.

"काल याच ग्रंथावर हात ठेवून तुम्ही शपथ घेतली होतीत?"

"हो."

"आज पुन्हा तीच. मग ज्युरीनं कोणती शपथ खरी मानायची?"

"आजची."

"का बरं?"

"कारण काल मला टाळ्या मिळाल्या," ऑर्फा म्हणाली. "आज काही मिळणार नाही, हे मला माहीत आहे."

कोणीतरी हसलं. वकील हसला नाही. "तुमच्या मामेभावाचे डोळे गेले त्याच मालानं, नाही का? तेव्हापासून तुम्हाला झोप लागत नाही, जेवण जात नाही, खरं ना?"

"खरं आहे."

"रात्रंदिवस फेऱ्या घालता."

"त्या मी आधीपासून घालते."

पण त्याला हवं होतं ते मिळालं होतं. दुपारी मेरिल साक्षीला उभा राहिला. त्याचं तेवढं चांगलं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं. भाषण कसलं, तो जेमतेम बोलत होता. म्हणाला, "माझ्या बहिणीला कोणी दोष देऊ नका. तिनं माझ्यासाठी आयुष्य वेचलंय. तिचं मन ठिकाणावर नाही. हे मी लोकांपासून लपवत होतो, कारण मला तिची लाज नाही, काळजी आहे." आणि तो रडला. दोन डॉक्टर येऊन सांगून गेले की अशा वयात एकट्या बायकांना असे भास होतात. दोघांनीही तिची नाडीसुद्धा पाहिली नव्हती.

ऑर्फा माझ्याशेजारी बसून ऐकत होती. तिनं माझा हात धरला होता आणि तिची बोटं हलत नव्हती. तिची बोटं हलत नाहीत याचीच मला भीती वाटली.

ज्युरीचं एकमत झालं नाही. खटला बारगळला. मेरिल गव्हर्नर राहिला.

आठवड्याभरात त्याच्या कचेरीतून वर्तमानपत्रांना कळवण्यात आलं की गव्हर्नरसाहेबांची बहीण विश्रांतीसाठी झऱ्यांच्या गावच्या आरोग्यधामात जाणार आहे. आम्हालाही ते वर्तमानपत्रातूनच कळलं. त्याच दुपारी आमच्या दारात गाडी आली. दोन धिप्पाड माणसं आणि एक नर्स. ऑर्फा परसात कपडे वाळत घालत होती. मी दार लावायला धावले, पण त्याआधीच क्लाइड खुर्ची ओढत दारात येऊन बसला होता. मांडीवर बर्फाच्या लाद्या उचलायचा लोखंडी चिमटा, चांगला हातभर लांब.

"कोण आहे?"

"मिस ब्रँडेलना न्यायला आलोय," त्यातला एक म्हणाला. "गव्हर्नरसाहेबांचा हुकूम आहे."

"असं का? या की. फक्त आत शिरताना नाव सांगा आणि कोणत्या बाजूनं शिरताय तेही सांगा. मला दिसत नाही ना. उगाच नर्सबाईंना लागायचं."

त्यानं चिमटा उघडला, मिटला. लोखंडावर लोखंड वाजलं.

"अहो, आंधळा माणूस तुम्ही, बाजूला व्हा."

"गव्हर्नरसाहेबांच्या मित्रानंच केलंय आंधळं. आता काय करणार आणखी, बहिरा?"

तोवर ऑर्फा परसातून पुढे आली होती, कपड्यांच्या चिमट्यांचा बटवा कमरेला तसाच. ती शांतपणे म्हणाली, "माझं डोकं ठीक आहे. माझ्या भावाला सांगा, तपासायचं असेल तर स्वतः ये." शेजारपाजारची माणसं फाटकाशी गोळा झाली होती. सहलीच्या दिवशी जिचा नवरा मेला ती बाईही होती. कोणी जागचं हललं नाही. ते तिघं गाडीत बसून निघून गेले. पुन्हा कोणी आलं नाही.

गाव तिच्या पाठीशी उभं राहिलं, असं त्या एका दुपारपुरतंच. एरवी कोणाला राग होता की तिनं भावाला दगा दिला, कोणाला राग होता की आधी खोटं बोलली. मंडळाच्या अध्यक्षीणबाई स्वतः येऊन तिची पांढरी फीत परत घेऊन गेल्या. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. चौकातली टवाळ पोरं मोठ्यानं म्हणायची, "बहीण टोप्या शिवते आणि भाऊ घालतो!" ऑर्फानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थबकली आणि मग मला म्हणाली, "चूक काय आहे त्यात?" रविवारी ती चर्चला यायची, पण ऑर्गन सुरू झाला की उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभी राहायची. थांबला की परत आत. पाद्रीबाबांनी समजावून पाहिलं. क्लाइडनंही सांगितलं, "ऑर्फे, त्या बिचाऱ्या वाजंत्र्यानं काय केलंय?" तिला ते जमलं नाही.

मेरिलची मुदत संपली. पुढे मंदी आली, बँका बुडाल्या, आणि लाचेवर जे शाबीत करता आलं नव्हतं ते केंद्र सरकारच्या माणसांनी प्राप्तिकराच्या बाजूनं शाबीत केलं. कमाई दाखवली नाही म्हणून मेरिल तुरुंगात गेला. तो आत असतानाच दारूबंदी उठली. ऑर्फा दर महिन्याला त्याला भेटायला जायची. तो भेटायला नकार द्यायचा. ती दुपारभर तिथल्या बाकावर बसून, म्हणजे बाकासमोर येरझाऱ्या घालून, परत यायची.

सुटला तेव्हा मात्र तो बसनं थेट तिच्या दारात आला; ती पुन्हा ब्रँडेलांच्या जुन्या घरात राहत होती. केस पांढरे झालेले, हातात कागदी पिशवी. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "पाय पूस." मग सूप गरम केलं.

तो हिवाळाभर राहिला. पहिल्या रविवारी मी क्लाइडला घेऊन तिकडे जेवायला गेले. मला नको होतं, क्लाइडलाच जायचं होतं. जेवणाच्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसले.

"क्लाइड," मेरिल म्हणाला, "मी..."

"सभा घेऊ नकोस," क्लाइड म्हणाला. "पाव दे इकडे."

मेरिलनं पाव दिला. क्लाइडच्या हाताला लोणी लागलं तेव्हा मेरिलनंच ते पुसलं. ते दोघं त्याहून जास्त कधी बोलले नाहीत.

वसंतात एक वर्तमानपत्रवाला मेरिलची कहाणी छापायला तयार झाला होता. मेरिलला ऑर्फाकडून एकच हवं होतं. खटल्याच्या दिवसांत आपली तब्येत बरी नव्हती, एवढं तिनं म्हणावं. तिनं नाही म्हटलं. तो चिडला, आणि मग त्यानं विचारलं, "एक सांग, ताई. पहिल्या दिवशी तू मला वाचवलं होतंस. मग परत का गेलीस?"

ऑर्फा भांडी घासत होती. तिनं मागे वळून पाहिलं. "तू मला 'एकच शब्द' म्हणालास ना," ती म्हणाली, "तो शब्द बोलल्यावर मला तुझं तोंड बघवेना. आणि तुझं तोंड बघितल्याशिवाय मला राहता येत नाही. मग काय करू?"

मेरिल उठला आणि घासलेली भांडी पुसायला लागला. दोन-तीन दिवसांनी तो दक्षिणेकडे गेला, कोणा कंपनीसाठी दफनभूमीतल्या जागा विकायला. चांगल्या विकायचा म्हणतात. नाताळला तिला पत्र पाठवी, संत्र्यांची पेटी पाठवी. चार वर्षांनी एका हॉटेलच्या खोलीत त्याचं हृदय बंद पडलं. ऑर्फानं त्याला आगगाडीनं घरी आणलं आणि आई-वडिलांजवळ पुरलं. अंत्यविधीला आम्ही सहा-सात माणसं होतो. पाद्रीबाबांनी विचारलं, चार शब्द बोलायचे आहेत का. ती म्हणाली, "बोलायचा तो. मी नाही." आणि पहिली माती तिनंच टाकली.

त्यानंतर तिला आणखीच बसवेना. वयाच्या साठाव्या वर्षी तिनं एक जुनी फोर्ड गाडी घेतली आणि स्वतःच चालवायला शिकली. म्हणजे शिकली असं आपण म्हणायचं. आमच्या कोंबड्या तिच्या हॉर्नला ओळखायला लागल्या आणि आधीच कुंपणावर चढून बसायच्या. रविवारी चर्च सुटलं की ती क्लाइडला शेजारी बसवून नदीकाठच्या रस्त्यानं निघायची आणि वाटेत दिसेल ते सगळं सांगत राहायची. कोणाचा मका किती वर आलाय, कोणाच्या गोठ्याला लाल रंग दिलाय, कोण बाई कसली भयानक टोपी घालून चाललीय. सांगता सांगता तिचं रस्त्याकडे लक्ष राहायचं नाही.

"ऑर्फे," क्लाइड दाराला घट्ट धरून म्हणायचा, "तू रस्त्याचं सांग आधी. मक्याचं नंतर."

"रस्ता सरळच आहे," ऑर्फा म्हणायची आणि आणखी वेग वाढवायची.